सासूबाईंच्या आडव्या पट्ट्या

आमच्या गल्लीत एक गोष्ट पसरली आहे. मी सासूचं मशीन हिसकावलं आणि तिच्या हातात झाडू दिला, अशी. सांगणाऱ्या बायका डोळे मोठे करून सांगतात आणि ऐकणाऱ्या तोंडावर हात ठेवतात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सासूबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, "असू दे गं. तुझ्याबद्दल निदान कोणी काहीतरी बोलतंय." मला मात्र हसू येत नाही, माझं डोकं तापतं. म्हणून काय झालं ते मी एकदा नीट सांगणार आहे, आणि मधे कोणी तोंड घातलेलं मला चालणार नाही.

आम्ही दोघी रस्त्यावर रेघा मारतो. रस्त्याच्या मधोमध आणि दोन्ही कडांना ज्या पांढऱ्या रेघा असतात, त्या कोणीतरी मारलेल्या असतात हे बऱ्याच लोकांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं रस्ता रेघांसकटच जन्माला येतो. आमच्या टोळीत सगळ्यात पुढे झाडूवाला असतो. झाडू फिरल्याशिवाय मशीन पुढे जात नाही, कारण मातीवर रंग धरत नाही. मग रेघेचं मशीन. ते हाताने ढकलायचं असतं, खाली एक लोखंडी पेटी असते आणि तिच्यातून वितळलेला पांढरा माल डांबरावर पसरतो. त्याच्यामागे एक जण ओल्या रेघेवर काचेचे बारीक मणी टाकत येतो, रात्री दिव्यात रेघ चमकावी म्हणून. आणि सगळ्यांच्या मागे, माल वितळवायची भट्टी लादलेला ट्रक घेऊन, मी.

मशीनवर सासूबाई. अंगाने बुटक्या, पण खांदे असे की कपाट एकटीने सरकवतील. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरट डाग. त्या आधी झाडूवरच होत्या. तेव्हाचा मशीनवाला एकदा मुकादमाशी भांडून भर रस्त्यात, भरलेली पेटी तशीच सोडून निघून गेला. माल थिजायला लागला, मुकादम डोक्याला हात लावून बसला. सासूबाईंनी झाडू खाली ठेवला, मशीन धरलं आणि चालायला लागल्या. रेघ इतकी सरळ आली की मशीनवाला दुसऱ्या दिवशी माफी मागत परत आला तेव्हा त्याला झाडू मिळाला.

सरळपणाचं त्यांना वेडच आहे. घरी दोरीवर कपडे वाळत घातले तर सगळ्या बाह्या एका पातळीत लागतात. माझ्या नवऱ्याचे दात थोडे वाकडे आहेत, तर त्याच्याकडे बघून त्या अजून उसासा टाकतात. मला त्यांनी सून करून घेतलं तेही असंच. मी आधी त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले. अरुंद बोळातून ट्रक मागे घेताना मला त्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळी मुलाला सांगितलं, "मुलगी बघून ठेवलीय. एकदाही चाक वळलं नाही तिचं." नवरा पंक्चर काढायचं दुकान चालवतो आणि आम्हा दोघींच्या भांडणात पडत नाही. शहाणा आहे.

भांडायचो आम्ही मशीनवरून. मला ते हवं होतं. हे मी लपवत नाही, कारण गल्लीला तेवढं बरोबर माहीत आहे. ट्रक काय, कोणीही चालवतं. पण मशीन मागे टाकत जातं ती रेघ माणसाच्या नावाने ओळखली जाते. मी कितीदा म्हटलं, "आई, एक दिवस द्या ना." सासूबाई म्हणायच्या, "तू खाली बघतेस. खाली बघणाऱ्याची रेघ वाकडी जाते. लांब बघायचं, आणि थांबायचं नाही. रेघ तुटता कामा नये." थांबलं तर पेटीतला माल थिजतो आणि जोड कायमचा दिसतो, हे खरंच आहे. तरीपण मला राग यायचा.

शहराबाहेर एक तळं आहे. तळ्याच्या अलीकडे रस्ता, रस्त्याच्या अलीकडे झुडपांचा माळ. माळावरच्या जनावरांना पाण्यावर जायचं तर रस्ता ओलांडावा लागतो, आणि नेमकं तिथंच वळण आहे. रस्ता अरुंद होता तोवर गाड्या तिथे रांगत जायच्या. मग तो रुंद केला, गुळगुळीत केला, आणि गाड्या उडायला लागल्या. नव्या रस्त्याला नव्या रेघा लागतात, म्हणून आम्ही तिथे गेलो.

त्या वळणावर रोज सकाळी काहीतरी मेलेलं असायचंच. साप, साळिंदर, मुंगूस. एकदा एक कोल्ही होती, तिची आचळं दुधाने भरलेली होती. कडेला ढकलायचं काम डुलकीचं. डुलकी म्हणजे तेव्हाचा आमचा झाडूवाला. भला माणूस, पण झाडूच्या दांड्याला टेकून उभ्या उभ्या झोप काढतो. तो ढकलायचा आणि पुढे जायचा. कोल्हीपाशी सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हिची पिल्लं कुठंतरी वाट बघत असतील." मग पेटी भरली, आणि आम्ही सगळेच पुढे गेलो.

ससा त्यानंतरचा. आम्ही वळणावरची कडेची रेघ मारत होतो. त्या सशावरून किती गाड्या गेल्या होत्या कोण जाणे, तो डांबराच्याच रंगाचा आणि डांबराइतकाच सपाट झाला होता. डुलकीला तो दिसला नाही. सासूबाई नेहमीसारख्या लांब बघत होत्या. पेटीखाली बारीकशी उचकी लागल्यासारखं त्यांना जाणवलं, पण त्यांना वाटलं खडा आहे. खड्यासाठी कोणी रेघ तोडत नाही. त्या पुढे गेल्या. मागून मणीवाल्याने सवयीने मूठभर मणी टाकले, आणि टाकून झाल्यावर तो ओरडला.

मी ट्रक थांबवून उतरले. रेघ सुरेख आली होती. तिच्यात सशाची पाठ आणि मागचे पाय पांढरे झाले होते आणि त्यांच्यावर मणी चमकत होते. कान तेवढे चाकांच्या आणि रेघेच्याही बाहेर राहिले होते, मऊ आणि तपकिरी. सासूबाई मागे आल्या. भरलेली पेटी सोडून आलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या बघत राहिल्या. पेटीत माल थिजला, मुकादम हाका मारत राहिला, त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात एका मोटारसायकलवाल्याने फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो सगळीकडे गेला, माझ्या नवऱ्याच्या दुकानातही आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'काम चोख, ससा फुकट'. लोक हसत होते. त्यात माझ्या ओळखीचेही होते, आणि त्यांची नावं मी विसरणार नाही. हसायचं कोणाला तर रेघ मारणाऱ्या बाईला. सशाला मारणाऱ्या गाडीबद्दल एकानेही एक शब्द लिहिला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मुकादम घाम पुसत आला. "मावशी, साहेब फोनवर पेटलेत. खरवडा ते आधी, आणि लगेच रेघ पुरी करा. तो ससा होता का नव्हता, कळता कामा नये."

सासूबाईंनी खरवडायचं पातं घेतलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ससा त्यांनी माळाच्या बाजूला खड्डा करून पुरला. हात पुसत परत आल्या आणि मशीन ट्रकवर चढवायला लागल्या.

"अहो, रेघ?" मुकादम म्हणाला.

"राहू दे."

"चार बोटांची फट आहे मावशी! भरायला वेळ तो काय लागणार?"

"वेळ लागत नाही ना," सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच भरणार नाही. इथे काय झालं ते चार बोटं तरी दिसू दे."

ज्या बाईने आयुष्यात रेघ तुटू दिली नाही, ती हे बोलत होती. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि ट्रक काय माझ्याशिवाय चालत नाही, म्हणून मीही. साहेब म्हणजे रस्त्याचे इंजिनिअर. भिंतीवर नकाशा, टेबलावर काच, काचेखाली मुलीचं चित्र. वाईट माणूस नाही. हे सांगायला मला आवडत नाही, पण नाही. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. त्यांना वाटलं बाई माफी मागायला आली आहे.

"साहेब, त्या वळणावर आडव्या पट्ट्या हव्यात," सासूबाई म्हणाल्या.

आडव्या पट्ट्याही आम्हीच मारतो. तोच माल, फक्त थरावर थर देऊन जाड करायचा. गाडी त्यांच्यावरून गेली की धडधड धडधड करते, ड्रायव्हरचे दात वाजतात आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. शाळेपाशी, दवाखान्यापाशी असतात.

"बाई, त्या माणसांसाठी असतात," साहेब म्हणाले. "जिथे कोणी रस्ता ओलांडतं तिथे."

"ओलांडतात की तिथं. रोज."

"कोण ओलांडतं?"

"ज्याला तहान लागते तो."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "हे बघा, त्या जागी आजपर्यंत एकही अपघात झालेला नाही."

"कसा होईल? तुमची जीप यायच्या आत आम्ही झाडून टाकतो. आम्ही कामचुकार असतो तर तुम्हाला दिसलं असतं."

साहेबांनी कप काचेवर ठेवला. मग वरची मंजुरी, नियम, पुढचं वर्ष असं काहीबाही बोलले आणि शेवटी म्हणाले, "बघू."

बाहेर आल्यावर सासूबाई ट्रकमध्ये चढल्या आणि दार आपटून बंद केलं. "बघू! हा शब्द मी तुझ्या सासऱ्यांच्या तोंडून जन्मभर ऐकलाय. त्याचा अर्थ मला सांगू नका म्हणावं."

त्या रात्रीच्या जेवणाआधी आमचं जे भांडण झालं, ते शेजारच्यांनी आवाज न करता ऐकलं. आमचं स्वयंपाकघर एवढंसं. एकीने ओट्याशी उभं राहिलं की दुसरीने दारात. मी भाजी चिरत होते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गोदामात फाटलेल्या पोत्यांचा माल पडलाय. तो कोणी परत घेत नाही. उद्या वळणावर पट्ट्या मारायच्या."

"हुकूम आला?"

"आला. मी दिला."

मी सुरी खाली ठेवली. "आई, डोकं ठिकाणावर आहे ना? नोकरी जाईल. तुमची जाईल, माझी जाईल. ह्यांच्या पंक्चरवर घर चालणार आहे का?"

"तू नको येऊस. दुखणं काढ आणि घरी बस."

"आणि ट्रक?"

"मुकादम चालवेल."

"मुकादम?" मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा मोरीत गेला आणि आतून कडी लावली. "तो मुकादम परवा गोदामाच्या खांबावर ट्रक घालून आला! माझ्या ट्रकच्या किल्लीला त्याने हात लावून बघावा!"

"मग काय करायचं?" सासूबाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

अशी ती बाई. मला वाटतं तिने मुकादमाचं नाव मुद्दाम घेतलं. मी गेले ती ट्रकसाठी गेले, सासूच्या प्रेमापोटी नाही, हे मी तेव्हाही तिला सांगितलं आणि आजही सांगते. पण ट्रक काढताना मला ती दूध भरलेली कोल्ही आठवली, आणि मग माझा राग सासूबाईंवरून हलला तो रस्त्यावर गेला. तिथेच तो अजून आहे.

मुकादमाला त्यांनी सांगितलं की वळणावरचं उरलेलं काम आहे. ते खोटं नव्हतं. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत आम्ही केशरी कोन मांडले, जाकिटं घातली, लाल झेंडी धरून मणीवाल्याला उभं केलं. केशरी जाकीट घातलेल्या माणसाला रस्त्यावर कोणी काही विचारत नाही. कोणी रस्ता उचलून घरी नेला तरी लोक वळसा घालून जातील. सासूबाईंनी दोरी ताणली, खडूने खुणा केल्या आणि शहराकडून येणाऱ्या बाजूला एकामागून एक सहा पट्ट्या घातल्या. थर वाळेपर्यंत दुसरा थर नाही. घाई नाही. एकेक पट्टी अशी की वर पाणी ठेवलं तर कुठल्याच बाजूला ओघळलं नसतं. समोरच्या बाजूच्याही घालायच्या होत्या, पण माल संपला.

कोन उचलले आणि पहिला ट्रक आला. उडतच आला. धडधड धडधड धडधड! ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून आम्हाला एक शिवी दिली आणि वळण मुंगीच्या पावलांनी पार केलं. सासूबाईंनी त्याला हात केला. "सावकाश जा हो!"

त्यानंतर काही दिवस बरे गेले. सगळं मरण थांबलं असं मी म्हणणार नाही. बेडूक मेले, एक साप मेला, आणि ज्या बाजूला पट्ट्या नव्हत्या त्या बाजूला एक मुंगूस मेलं. पण एका संध्याकाळी परत येताना पुढची मोटार पट्ट्यांवर धडधडत मंदावली आणि तिच्या दिव्यासमोरून एक ससा निघाला. रस्त्याच्या मधोमध तो चक्क बसला. मोटार थांबली. ससा उठला आणि तळ्याकडे गेला. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "धूळ फार आहे." काच बंद होती.

मग साहेब पाहणीला आले. त्यांची जीप धडधडली तेव्हा आम्ही तिथून दिसण्याच्या अंतरावरच होतो. जीप थांबली, मागे आली, साहेब उतरले, त्यांनी पट्ट्या मोजल्या. मग ते चालत आमच्याकडे आले. चेहरा लाल.

"कोणाच्या हुकमाने?"

मुकादम माझ्या मागे सरकला. सासूबाई पुढे झाल्या. "माझ्या. हे कोणाला ठाऊक नव्हतं. मुकादमाला मी उरलेलं काम म्हणून सांगितलं."

"तुमच्या? तुम्ही कोण? उद्या कोणी पडलं, मेलं, तर मी जबाबदार! माझी नोकरी जाते, कळतं का? तुम्हाला वाटतं मला जनावरांची दया नाही?"

"दया असेल की. पण ती कोणाला तळ्यावर नेऊन पाणी पाजत नाही."

त्यांनी हे बोलायला नको होतं. साहेबांना माघार घ्यायला जागाच उरली नाही. त्यांनी तिथल्या तिथे मुकादमाला सांगितलं की आजपासून ही बाई मशीनवर नको. झाडू द्या. डुलकीला मणी टाकू द्या, मणीवाल्याला ट्रक. मग माझ्याकडे वळले. "मशीन तू घे. आणि उद्या सकाळी ह्या पट्ट्या तापवून, खरवडून काढायच्या. मी स्वतः उभा राहणार आहे."

म्हणजे बघा. जे मला लग्नापासून हवं होतं, ते मला मिळालं. सासूबाईंच्या हातातून काढून, त्यांच्याच डोळ्यांदेखत, आणि त्यांच्याच पट्ट्या उखडायला. गल्लीला एवढाच भाग माहीत आहे.

घरी आल्यावर त्या दोरीवरच्या बाह्या एका पातळीत लावत बसल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मीच म्हटलं, "मी मशीन घेणार नाही. उद्या सांगते साहेबांना."

तेव्हा मात्र कडाडल्या. "घेणार नाही म्हणजे? वेडी आहेस का? मशीन सोडलं तर ते उद्या कुठल्यातरी ऐऱ्यागैऱ्याच्या हातात जाईल आणि तो रेघा सापासारख्या मारेल! घ्यायचं. मिळालेलं मशीन सोडायचं नसतं."

"आणि पट्ट्या?"

"मशीन तुझं. काय करायचं ते तुझं तू ठरव." एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी जागीच होते. नोकरी, घर, ह्यांचं पंक्चर, मशीन, सगळं डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगते, मला मशीनचा आनंदही होत होता. आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

सकाळी साहेब वेळेवर आले. सासूबाई झाडू घेऊन पुढे. पट्ट्यांपाशी त्या पोचल्या, पट्ट्याही स्वच्छ झाडल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. कोणाची विनवणी नाही, काही नाही. मी ट्रकवर चढले, भट्टी पेटवली आणि गोदामातून येताना आणलेली नवी पोती आत ओतायला लागले.

मुकादम खालून म्हणाला, "अगं, खरवडायला भट्टीत माल कशाला?"

 माल उकळला तसा पेटीत भरला, मशीन खाली घेतलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला नेलं. दांडा मी दोन्ही मुठींत आवळला होता.

"तिकडे कुठे?" साहेब ओरडले.

"ह्या बाजूच्या राहिल्यात," मी म्हटलं.

 मग झाडूचा आवाज आला. सासूबाई धावत रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या पुढे झाडायला लागल्या. तोंड सुरूच. "मूठ सैल धर! सैल! ओझं काय माझ्या मढ्यावर टाकतेस, मशीनवर टाक! हां. आता चाल." मी चालले. पहिली पट्टी पडली. जरा वाकडी पडली. साहेब "बंद करा, बंद करा" म्हणत माझ्यापाशी आले, पण माल पडला होता आणि धुमसत होता, तो काही बंद होत नाही.

आणि वळणाच्या पलीकडून ट्रकचा हॉर्न वाजला.

ह्या सगळ्या धांदलीत कोन तेवढे डुलकीने मांडले होते, पण झेंडी घेऊन पुढे कोणीच उभं नव्हतं. मणीवाला माझ्या ट्रकमध्ये स्टिअरिंग धरून नुसता आ वासून बसला होता, मुकादमाच्या हातात झेंडी होती पण तो साहेबांकडेच बघत होता. उकळत्या मालावर भरधाव ट्रक आला असता तर घसरला असता, आणि आम्ही तिघं-चौघं त्याच्या वाटेत होतो. साहेबांनी मुकादमाच्या हातातून झेंडी हिसकावली आणि वळणाकडे पळाले. इस्त्रीच्या कपड्यांत, हात वर करून, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ट्रक करकचून थांबला. त्याच्यामागे मोटारी, त्यांच्यामागे बस. हॉर्नचा नुसता कल्लोळ.

आता त्यांना तिथून हलता येईना. माल सुकेपर्यंत कोणालातरी उभं राहावंच लागणार होतं. मी दुसरी पट्टी घातली. तिसरी घातली. साहेब मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि झेंडी हळूहळू खाली येत होती.

सासूबाई झाडता झाडता ताठ झाल्या. "साहेब," त्यांनी हाक दिली, "झेंडी जरा वर धरा. मागच्यांना दिसत नाही."

आणि साहेबांनी ती वर धरली. सहाच्या सहा पट्ट्या पुऱ्या होईपर्यंत.

पट्ट्या अजून आहेत, दोन्ही बाजूंच्या. उखडायच्या तर त्या कोणी घातल्या हे वर सांगावं लागेल, आणि त्या घातल्या जात असताना झेंडी कोण धरून उभं होतं हेही बसमधल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून साहेब तो विषय काढत नाहीत. पण शिक्षा त्यांनी मागे घेतली नाही. कोणालातरी ती द्यायची होतीच. मशीन माझ्याकडे राहिलं आणि झाडू सासूबाईंकडे. माझ्या बाजूच्या पट्ट्या वाकड्या आहेत हे त्या मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात.

परवा साहेब गोदामात आले. पोत्यांवर बसून आम्ही चहा पीत होतो. ते आधी पावसाचं बोलले, मग मालाचं, मग सासूबाईंसमोर उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी रेघ कोणाची येत नाही. हिचीही नाही." मला राग आला, पण खरं होतं. "तुम्ही फक्त एकदा म्हणा, चूक झाली. मला लिहून नको, चारचौघांत नको, इथेच म्हणा. उद्यापासून मशीन तुमचं."

मी मनात म्हटलं, म्हणा हो. एक शब्द तर आहे. मशीन जाईल याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही, कारण ह्या वयात त्यांना वाकून झाडताना मागून बघायचा मला कंटाळा आला आहे.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "चूक झाली, साहेब," त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा उजळला. "ससा मला दिसला नाही. मी लांब बघत होते आणि त्याच्यावरून रेघ ओढून गेले. ती चूक मी तुम्हाला सांगते, आणि रस्त्याने जाणारा कोणी थांबला तर त्यालाही सांगेन. पट्ट्या मात्र मी बघून मारल्यात."

मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि मला म्हणाल्या, "चल गं, ऊन चढतंय."